टोर्नेडो कुठे होतात, आणि त्याचा दर्जा पडझडीवरून कसा ठरतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात वाळपईच्या बाजूला तुमच्या वाड्यावर दहा-पंधरा मिनिटांचे वादळ झाले. काही घरांची कौले उडाली, कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पोफळी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गावात ‘टोर्नेडो होऊन गेला’ अशी बोलवा उठली आणि मोबाइलवर कुणीतरी ‘एफ-३ होता’ असेही पाठवले. आपल्याकडे असे होते का, जगात हे कुठे होतात आणि हा एफ-३ ठरवतो कोण, हे तुम्हाला हवे आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही उत्तरांची किल्ली तिथेच आहे. टोर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत टेकलेला, जोराने फिरणारा हवेचा अरुंद खांब. त्याचा दर्जा वारा मोजून देत नाहीत. तो निघून गेल्यावर मागे काय मोडले, काय उपटले आणि काय उभे राहिले, हे पाहून देतात. मी बांधकाम अभियंता आहे. वादळानंतर घरांची, गोदामांची, छपरांची पाहणी करणे हे माझे वर्षानुवर्षांचे काम आहे, त्यामुळे मी हा विषय भिंती आणि छपरांच्या बाजूने सांगणार.

वारा सरळ मोजत का नाहीत? टोर्नेडोचा पट्टा बहुधा शंभर-दोनशे मीटर रुंद असतो आणि एका जागेवरून तो मिनिटभरात पुढे जातो. हवामान केंद्रे एकमेकांपासून कित्येक किलोमीटर लांब असतात. त्यातल्या एखाद्याच्या नेमका डोक्यावरून तो गेला, तर वाऱ्याचे यंत्रच बहुतेक वेळा मोडते. डॉप्लर रडारला ढगातली गिरकी दिसते, पण रडारचा झोत अंतराबरोबर जमिनीपासून वर वर जातो. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गावात तो कित्येक शे मीटर उंचीवरचा वारा पाहत असतो, अंगणातला नाही. उरतो तो ढिगारा. तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो आणि वाचता येतो.

हे वाचन शास्त्रशुद्ध करणारा माणूस तेत्सुया फुजिता. जन्म १९२० चा, जपानच्या क्यूशू बेटावरचा. १९४५ साली ते कोकुरा शहराजवळच्या महाविद्यालयात शिकवत होते. ९ ऑगस्टला अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचे पहिले लक्ष्य कोकुराच होते. खालचे शहर धूर आणि ढगांमुळे दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. नंतर फुजिता पाहणीसाठी नागासाकी आणि हिरोशिमाला गेले. जळण्याच्या खुणांवरून आणि झाडे कोणत्या बाजूला पडली आहेत यावरून त्यांनी स्फोट जमिनीपासून किती उंचीवर झाला असेल याचा हिशेब मांडला. पुढे ते शिकागो विद्यापीठात गेले आणि आयुष्यभर तेच करत राहिले: पडलेल्या वस्तूंकडे पाहून, त्यांना पाडणाऱ्या हवेचे चित्र उभे करणे. या विषयातला माझा सगळ्यात मोठा आदर त्यांच्या वाट्याला जातो.

१९७१ मध्ये त्यांनी एफ-० ते एफ-५ अशी पट्टी मांडली. मुळात त्यांनी एफ-१२ पर्यंत पायऱ्या कल्पिल्या होत्या. एफ-१ ही पायरी जहाजांवर वाऱ्याचा जोर सांगायला वापरल्या जाणाऱ्या ब्यूफोर्ट पट्टीच्या १२ व्या पायरीला जोडली होती, एफ-१२ ध्वनीच्या वेगाला. प्रत्यक्ष वापरात पाचच्या वर कधी जावे लागले नाही. एफ-० म्हणजे फांद्या मोडणे, धुराडी पडणे. एफ-५ म्हणजे मजबूत घर पायावरून उचलून नेणे. प्रत्येक पायरीला वेगाची मर्यादाही दिली होती, एफ-५ ला ताशी ४१९ ते ५१२ किलोमीटर. या मर्यादांना मात्र भक्कम पाया नव्हता. घर वाहून गेले म्हणजे वारा चारशेच्या वर असणारच, हे कुणी तपासून पाहिलेले नव्हते.

ते तपासले अभियंत्यांनी. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधल्या लबक शहरातून टोर्नेडो गेला, २६ माणसे गेली. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी शहराचा अवशेष न् अवशेष पाहिला आणि पुढची काही दशके याच कामात घातली. त्यांना दिसले की लाकडी घराची भिंत पायाला नुसत्या खिळ्यांनी जोडली असेल, तर ते घर खूपच कमी वाऱ्यात सरकते. तीच भिंत नट-बोल्टने पायात धरून ठेवली असेल, तर टिकते. म्हणजे एकाच गल्लीतली दोन घरे एकाच वाऱ्यात, एक पार नाहीसे आणि दुसरे उभे, असे होऊ शकते. आपल्याकडे पत्र्याच्या शेडची पाहणी करताना हेच दिसते: पत्रा फाटलेला नसतो, त्याला धरणारा हूक सुटलेला असतो.

वेळेचाही प्रश्न आहे. २७ मे १९९७ ला टेक्सासमधल्या जॅरेल गावावरून गेलेला टोर्नेडो अतिशय संथ चालत होता. घरांवर तो इतका वेळ घोंगावत राहिला की मागे नुसते काँक्रीटचे चौथरे उरले. त्याला एफ-५ दर्जा मिळाला. त्यात वाऱ्याचा वाटा किती आणि वेळेचा किती, हा वाद आजही संपलेला नाही.

या सगळ्यातून सुधारित फुजिता पट्टी आली. अमेरिकेत ती १ फेब्रुवारी २००७ पासून लागू आहे आणि तिलाच ईएफ म्हणतात. तिच्यात २८ प्रकारच्या वस्तू ठरवून दिल्या आहेत: राहते घर, गुरांचा गोठा, शाळा, मॉल, विजेचे खांब, मनोरा, रुंद पानांचे झाड, सूचिपर्णी झाड वगैरे. प्रत्येक वस्तूच्या मोडतोडीच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीसमोर वाऱ्याचा अपेक्षित वेग, शिवाय कमीत कमी आणि जास्तीत जास्त. राहत्या लाकडी घराच्या दहा पायऱ्या आहेत. छपराचे आच्छादन पाचव्या हिश्शापेक्षा कमी गेले असेल तर अपेक्षित वेग ताशी १२७ किलोमीटर. छपराचा मोठा भाग गेला पण भिंती उभ्या असतील तर १९६. सगळे घर पायावरून साफ झाले तर ३२२. रुंद पानांचे झाड मुळासकट उपटले असेल तर १४६, बुंध्यात मोडले असेल तर १७७, बुंधा उभा पण साल सोलून निघाली असेल तर २३०. पाहणी करणारा वस्तूमागून वस्तू तपासतो, बांधणी चांगली होती की कच्ची हे बघून आकडा वरखाली करतो, आणि संपूर्ण मार्गावरच्या सर्वांत वाईट विश्वसनीय नुकसानीवरून एकच दर्जा देतो. म्हणून ‘ईएफ-४ गावातून गेला’ म्हणजे प्रत्येक घराने ईएफ-४ सोसला असे होत नाही.

आकडे एकदा सांगून टाकतो, सगळे ताशी किलोमीटरमध्ये आणि तीन सेकंदांच्या झोताचे. ईएफ-० म्हणजे १०५ ते १३७, ईएफ-१ म्हणजे १३८ ते १७७, ईएफ-२ म्हणजे १७८ ते २१७, ईएफ-३ म्हणजे २१८ ते २६६, ईएफ-४ म्हणजे २६७ ते ३२२, आणि त्याच्या वर ईएफ-५. जुन्या पट्टीपेक्षा वरचे वेग बरेच खाली आले आहेत, पण मोडतोडीचे वर्णन तेच ठेवले आहे. त्यामुळे १९७४ चा एफ-४ आणि आजचा ईएफ-४ शेजारी ठेवता येतात.

यातले ‘तीन सेकंद’ महत्त्वाचे आहेत. आपले हवामान खाते चक्रीवादळाची वर्गवारी तीन मिनिटांच्या सरासरी वाऱ्यावर करते: ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र, २२१ पासून महाचक्रीवादळ. ते आकडे वादळ समुद्रात असतानाच उपग्रह, रडार यांवरून काढलेले असतात, किनाऱ्याला लागण्याआधी आपल्याला कळतात. टोर्नेडोचा दर्जा त्याच्या नंतर येतो, कधी कधी आठवड्यांनी. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ‘तौक्ते मोठे की ईएफ-३ मोठा’ असे विचारू नका. एकाचा घेर शेकडो किलोमीटर आणि आयुष्य दिवसांचे, दुसऱ्याचा घेर एखाद्या वाड्याएवढा आणि आयुष्य मिनिटांचे.

घर बांधणाऱ्याच्या नजरेने हे वेग कसे दिसतात? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४०. त्याचा दाब चौरस मीटरला जवळजवळ ९३ किलो. ईएफ-३ च्या मध्यावर तो २७० किलोच्या आसपास जातो आणि ईएफ-५ च्या उंबरठ्यावर ४९० किलोच्या. आपले नियमाप्रमाणे बांधलेले घर ईएफ-१ च्या खालच्या टोकापर्यंतचा झोत हिशेबात धरून बांधलेले असते, हे लक्षात ठेवा. आणि जुने कौलारू घर तर कुठल्याच हिशेबाने बांधलेले नसते. मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो. ती रिपांवर नुसती टेकवलेली असतात. वारा छपराच्या काठावर आणि आढ्यावर वर ओढतो, पडवी उघडी असेल तर खालूनही ढकलतो. काठावरची कौले सुटायला ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरचा झोत पुरतो. तुमच्या वाड्यावर कौले उडाली यावरून एवढेच सिद्ध होते.

अमेरिकी तक्त्यात चिऱ्याचे घर नाही, मंगलोरी कौल नाही, माड नाही, पोफळही नाही. तो तक्ता तिथल्या लाकडी घरांचा आहे. इतर देशांनी आपापली सोय केली आहे. कॅनडाने २०१३ मध्ये स्वतःच्या वस्तूंची भर घालून ईएफ घेतली, जपानने २०१६ मध्ये आपल्या घरांसाठी वेगळी पट्टी केली. ब्रिटनमध्ये टी-० पासून वर जाणारी टोरो पट्टी आहे, ती टेरेन्स मीडन यांनी १९७० च्या दशकात ब्यूफोर्ट पट्टीला जोडून बांधली. युरोपातल्या संशोधकांनी अलीकडे आंतरराष्ट्रीय फुजिता पट्टी पुढे आणली आहे. कुठल्याही देशातल्या बांधणीला ती लावता यावी असा त्यांचा प्रयत्न आहे, आणि आपल्यासारख्यांना तीच जास्त उपयोगी पडेल असे माझे मत आहे.

आता या पद्धतीची मोठी मर्यादा. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो झाला, नोंदवलेल्यांत सर्वांत रुंद. जवळ नेलेल्या फिरत्या रडारांनी त्यात ताशी ४७० किलोमीटरच्या वरचा वारा टिपला. त्याचाच अभ्यास करायला गेलेले टिम समारास आणि त्यांचे दोन साथीदार त्यात गेले. त्याचा अधिकृत दर्जा ईएफ-३. कारण तो बहुतेक मोकळ्या शेतांवरून गेला, मोडण्यासारखे तिथे काही नव्हते. आधी रडारवरून ईएफ-५ दिला होता, तो मागे घेतला, कारण नियमाप्रमाणे दर्जा मोडतोडीवरूनच द्यायचा. उलट बाजूही पाहा. त्याच महिन्यात २० मे ला मूर शहरात ईएफ-५ झाला. त्यानंतर पुढचा ईएफ-५ नोंदवायला अमेरिकेला २०२५ च्या जूनची, नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनच्या टोर्नेडोची वाट पाहावी लागली. मधल्या काळात केंटकीतल्या मेफिल्डसारखी शहरे उद्ध्वस्त झाली (१० डिसेंबर २०२१, ५७ मृत्यू), पण तिथल्या इमारतींच्या बांधणीतून ईएफ-५ सिद्ध झाला नाही. निसर्ग बारा वर्षे शांत होता असा याचा अर्थ कुणी काढू नये.

जे ताकदीचे, तेच जागेचे. टोर्नेडोचा नकाशा हा काही अंशी पाहणाऱ्यांचा नकाशा असतो. अमेरिकेत वर्षाला सरासरी १२०० च्या आसपास नोंदले जातात. १९५० च्या सुमारास ही संख्या काही शेकडा होती. वाढली ती मुख्यतः ईएफ-० ची नोंद, कारण मधल्या काळात वस्ती वाढली, रडारांचे जाळे आले, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला. मोठ्या टोर्नेडोंची संख्या तशी वाढलेली नाही.

तरीही अमेरिका पहिलीच राहते, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा जमिनीलगत उत्तरेला चढते. रॉकी पर्वत आणि मेक्सिकोच्या पठारावरून कोरडी, गरम हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. वर पश्चिमेचा वेगवान जेट वारा असतो. झाकण फुटले की दमट हवा भयंकर जोरात वर उसळते. जमिनीजवळ वारा दक्षिणेचा आणि मंद, पाच-सहा किलोमीटरवर पश्चिमेचा आणि जोरदार, या फरकामुळे वर चढणारा झोत स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या ढगाला सुपरसेल म्हणतात आणि तो तासन्‌तास टिकतो. त्याच्या पोटात, जमिनीजवळची गिरकी वर ताणली गेली की अरुंद होते आणि अरुंद झाली की वेग घेते, गिरकी घेणाऱ्याने पसरलेले हात छातीशी घेतल्यावर होते तसे. बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न देताच विरतात. नेमका कोणता देणार, हे आधी सांगणे अजून जमलेले नाही. तिथली सरासरी पूर्वसूचना दहा-पंधरा मिनिटांच्या आसपासच आहे.

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का हा जुना प्रसिद्ध पट्टा. मिसिसिपी, अलाबामा, टेनेसीच्या बाजूला माणसे जास्त मरतात, कारण तिथे टोर्नेडो रात्री जास्त येतात, झाडी दाट असल्याने दिसत नाहीत आणि चाकांवरच्या हलक्या घरांत राहणारे लोक खूप आहेत. अमेरिकेतला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो १८ मार्च १९२५ चा. मिसूरीत सुरू होऊन इलिनॉय ओलांडून इंडियानात संपला, मार्ग ३५२ किलोमीटर, मृत्यू ६९५.

दुसरा मोठा प्रदेश उत्तर अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे आणि दक्षिण ब्राझीलचा. रॉकीच्या जागी अँडीज आणि आखाताच्या जागी अ‍ॅमेझॉनची दमट हवा ठेवा, तीच रचना तयार होते. युरोपात दरवर्षी काही शे होतात, बहुतेक दुबळे, पण २४ जून २०२१ ला चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियात सहा जण गेले आणि गावेच्या गावे बसली. क्षेत्रफळाच्या मानाने मोजले तर इंग्लंड आणि नेदरलँड्स यांचा क्रम वरचा लागतो. चीनमध्ये जिआंगसू प्रांत, जपान, दक्षिण आफ्रिकेचा पूर्व भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सगळीकडे नोंदी आहेत. विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवांकडे ते जवळजवळ नाहीत. अंटार्क्टिकावर एकही नोंद नाही.

आणि मग बंगाल. जगातला सर्वांत जास्त बळी घेणारा टोर्नेडो अमेरिकेतला नाही, तो बांगलादेशातल्या मानिकगंज जिल्ह्यातला: २६ एप्रिल १९८९, दौलतपूर आणि साटुरिया, सुमारे १३०० मृत्यू. १३ मे १९९६ ला टांगाईलच्या बाजूला सुमारे ७०० जण गेले. इथेही रचना ओळखीची आहे. मार्च ते मे मध्ये बंगालच्या उपसागरावरून दमट दक्षिण वारा, छोटा नागपूरच्या पठारावरून गरम कोरडी हवा, आणि वर अजून उत्तरेला न सरकलेला पश्चिमी जेट. यातूनच कालबैसाखी, म्हणजे बंगालमधली उन्हाळ्यातली गडगडाटी वादळे, येते आणि तिच्यातली थोडी वादळे टोर्नेडो देतात. आपल्या बाजूला २४ मार्च १९९८ ला ओडिशा-बंगाल सीमेवर दांतन-जलेश्वर भागात दीडशेहून अधिक माणसे गेली. १७ मार्च १९७८ ला उत्तर दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडो झाला, २८ मृत्यू. भारतात होत नाहीत, हे म्हणणे म्हणून चूक आहे.

साटुरियासारख्या ठिकाणी फुजितांची पद्धतही तोकडी पडते. बांबूची आणि पत्र्याची घरे ईएफ-१ मध्येही पडतात आणि ईएफ-४ मध्येही पडतात. एकदा सगळे पडले की त्यावरून वरचा आकडा कळायला काहीच उरत नाही. उडणारा पत्रा मात्र माणसाला कापत जातो. बळींचा आकडा वाऱ्याच्या दर्जापेक्षा घराच्या दर्जाबद्दल जास्त बोलतो, हे मला या व्यवसायात पुन्हा पुन्हा जाणवले आहे.

आता गोवा. आपण सुमारे १५ अंश उत्तरेला आहोत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उष्णता आहे, समुद्राची ओल आहे, दुपारनंतर खारे वारे सह्याद्रीला भिडून सत्तरी, सांगे, काणकोण भागात उंच ढगही चढतात. पण त्या वेळी वरचा जोरदार पश्चिमी वारा आपल्या डोक्यावर नसतो, तो खूप उत्तरेला असतो. वरखालच्या वाऱ्यांत फरक कमी, म्हणून ढग उसळतो, पाऊणएक तासात स्वतःच्याच पावसाने कोसळतो आणि संपतो. त्याला फिरायला वेळ मिळत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये उलट होते. खाली जोरदार नैर्ऋत्य वारा आणि वर पूर्वेचा जेट, म्हणजे फरक भरपूर, पण हवा खालपासून वरपर्यंत ओलीगच्च असते, उसळी मारायला लागणारा तापमानातला फरक नसतो. दोन्ही गोष्टी एकत्र येत नाहीत. म्हणून मोठा, सुपरसेलमधला टोर्नेडो गोव्यात जवळजवळ अशक्य आहे असे मी मानतो.

छोटा, थोडा वेळ टिकणारा मात्र शक्य आहे, विशेषतः अरबी समुद्रातले चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जात असताना. चक्रीवादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूच्या बाहेरच्या पट्ट्यांत असे टोर्नेडो तयार होतात. २५ मे २०२१ ला यास चक्रीवादळ किनाऱ्याला लागण्याच्या आदल्या दिवशी हुगळीच्या काठी असा एक झाला होता. त्याच महिन्यात तौक्ते गुजरातकडे जाताना गोवा त्याच्या उजव्या हातालाच होता. अशा दिवशी पावसाच्या सरींमध्ये एखादा अरुंद पट्टा वेगळ्याच जोराने झोडपला गेला, तर शंका जरूर घ्या.

समुद्रावर जलस्तंभ दिसतो तो बहुधा वाढत्या ढगाखाली पाण्यापासून वर चढलेला असतो, सुपरसेलचा नसतो. तो दुबळा असला तरी होडी उलटवू शकतो. मासेमारीला जाणाऱ्यांनी तो ज्या दिशेने सरकतो आहे त्याच्या काटकोनात दूर जावे. तो सरकताना दिसतच नसेल, तर तो आपल्याकडे येत असण्याची शक्यता धरावी.

तुमच्या वाड्यावर मग काय झाले असेल? माझा पहिला संशय ढगातून खाली कोसळणाऱ्या झोताचा आहे, आणि हाही शोध फुजितांचाच. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांत १४८ टोर्नेडो झाले. त्यांची विमानातून पाहणी करताना काही जंगलांत झाडे गिरकी न दाखवता एका बिंदूपासून चहूबाजूंना पडलेली त्यांना दिसली. असा नमुना त्यांनी नागासाकीत पाहिलेला होता. पुढच्या वर्षी २४ जूनला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक विमान कोसळले, ११३ जण गेले. ढगातून खाली येणारा थंड झोत जमिनीवर आपटून पसरतो आणि विमानाला खाली दाबतो, हे त्यांनी मांडले तेव्हा अनेक हवामानतज्ज्ञांना पटले नाही. नंतर रडारने ते सिद्ध केले. हा झोत ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज गाठतो, पाच-दहा मिनिटे टिकतो, बरोबर धो धो पाऊस, कधी गारा आणि एकदम गारवा आणतो. मे महिन्यात कुळागरांची नासाडी करणारा बहुतेक वेळा हाच असतो.

फरक तुम्ही स्वतः तपासू शकता. पोफळी उंच, बारीक, मुळे उथळ, आणि ओळीने लावलेल्या, म्हणून कुळागर हे वाऱ्याची दिशा नोंदवणारे उत्तम साधन आहे. शेंडे कोणत्या दिशेला आहेत ते मोबाइलच्या होकायंत्राने पाहा आणि कागदावर बाण काढा. बाण पंख्यासारखे बाहेर पसरत असतील आणि नुकसान रुंद भागात विखुरलेले असेल, तर तो कोसळणारा झोत. नुकसान शंभर-दोनशे मीटर रुंदीच्या लांब पट्ट्यात असेल, पट्ट्याबाहेर पंचवीस पावलांवर केळीचे पानही फाटलेले नसेल आणि बाण दोन्ही बाजूंनी पट्ट्याच्या मधल्या रेषेकडे वळत असतील, तर टोर्नेडो. आपल्या गोलार्धात तो बहुधा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून त्याच्या वाटचालीच्या उजव्या अंगाची झाडे पुढच्या दिशेला पडतात, डाव्या अंगाची आडवी किंवा मागे. सगळे बाण एकाच दिशेला असतील तर सरळ वारा, पुढे विचार करायला नको. एकट्या झाडावर निष्कर्ष काढू नका, वाळवी लागलेला आंबा कुठेही पडतो.

घरांकडे बघताना कौलांपेक्षा वाशांकडे बघा. कौले गेली आणि वासे जागेवर, तर झोत शंभरच्या आगेमागे धरता येईल. वासे, आढे यांसकट छप्पर उचलले गेले, तर ते भिंतीला कसे धरले होते ते आधी पाहा आणि मगच वाऱ्याला दोष द्या. पडलेली चिऱ्याची भिंत मातीत बांधली होती की सिमेंटमध्ये, हे लिहून ठेवा. विजेचे खांब वाकले असतील तर कोणत्या दिशेला, आणि त्यांच्यावर झाड पडले होते का, हेही. खांब झाडाने ओढला असेल तर त्याची साक्ष धरायची नाही. एफ-३ साठी तुम्हाला जाड भिंती पडलेल्या, आणि धडधाकट झाडे बुंध्यात तोडलेली, साल सोललेली, अशी जोडगोळी दाखवावी लागेल. तुम्ही सांगितलेल्यात तसे काही नाही.

हे सगळे अग्निशामक दलाची करवत चालण्याआधी करायचे असते. रस्ता मोकळा करायलाच हवा, पण आत कुळागरातले ओंडके दोन दिवस तसेच राहिले तरी चालतात. तलाठी पंचनामा करतात तेव्हा नुकसानीची रक्कम येते, दिशा येत नाही. ती तुम्ही वेगळी लिहून जोडा. प्रत्येक फोटोत उत्तर कुठे आहे ते कळले पाहिजे, आणि वादळ किती वाजता सुरू झाले ते मिनिटासकट हवे, कारण पणजीच्या आल्तिनोवरच्या हवामान केंद्राच्या डॉप्लर रडारच्या चित्रांशी ते ताडून पाहता येते. वाड्यावर कुणाचा सीसीटीव्ही असेल तर त्यातले चित्रण पुसले जाण्याआधी उतरवून घ्या. बाणांचा कागद, फोटो आणि वेळ एवढे माझ्याकडे पाठवलेत, तर नेमके काय झाले ते मी बऱ्याच खात्रीने सांगू शकेन.